दोन कायदे, एक सातबारा



इंद्रायणीकाठचे तळवडे आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. शेताच्या जागी सॉफ्टवेअर पार्क आणि कारखाने आले. थोडे पुढे चाकण. या पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या त्या राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यावर. नोटीस काढायची, म्हणणे ऐकून घ्यायचे, राजपत्रात छापायचे, की जमीन सरकारची.

तुम्ही म्हणाल, तळवड्याचे आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना काय? समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना या जिल्ह्यांतूनच गेला. शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक नगरी झाली. कोरडवाहू रान स्वस्त, म्हणून आखणी करणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते.

घटनेने कायद्यांचे विषय तीन याद्यांत वाटले. केंद्राचे वावर वेगळे, राज्याचे वेगळे आणि समवर्ती सूची म्हणजे दोघांचा सामाईक बांध. भूसंपादन या बांधावर आहे. इथे दोन कायदे भिडले तर कलम २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा चालतो. पण त्याच कलमात पुढे एक वाट आहे: राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ. संसद तो नंतर बदलू शकते.

आता हे कलम आपल्या शेतात कसे उतरले ते पाहा. इंग्रजांचा १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून केंद्राचा नवा भूसंपादन कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के. शिवाय गावावर काय परिणाम होईल याची आधी तपासणी, ग्रामसभेशी बोलून. हा कायदाही सोवळा नव्हता. केंद्राने आपले १३ कायदे त्यातून आधीच बाजूला काढले होते.

वर्ष सरते न सरते तोच या अटी सैल करणारा वटहुकूम निघाला. तो तीनदा काढला. देशभर शेतकरी उठला, राज्यसभेत बहुमत नव्हते, ऑगस्ट २०१५ अखेर वटहुकूम संपला. आपण जिंकलो असे वाटले. पण संसदेच्या पुढच्या दाराने जे जमले नाही, ते राज्यांच्या मागच्या दाराने आले. तामिळनाडूने वाट आधीच दाखवली होती. २०१६ मध्ये गुजरात गेले, २०१८ मध्ये महाराष्ट्र. आपल्या राज्याने कलम १०५-अ घालून औद्योगिक विकास कायदा आणि महामार्ग कायदा केंद्राच्या कायद्याबाहेर काढले. राष्ट्रपतींची सही झाली. किती गावांत ही बातमी पोचली?

कोर्टात जाऊ म्हणाल, तर तामिळनाडूचा दाखला आहे. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले असे कायदे रद्द केले. राज्याने नवा कायदा करून पुन्हा संमती आणली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. अशा वादात कोर्ट पाहते ते विरोध आहे का, संमती रीतसर आहे का. शेतकऱ्याचे हित कुठल्या कायद्यात जास्त, हा प्रश्न कलम २५४ विचारतच नाही.

राज्यांच्या अधिकाराला आपला विरोध नाही. सगळी अक्कल दिल्लीतच असते असे मानणारे आपण नव्हे. केंद्राच्याच कायद्याचे कलम १०७ म्हणते, राज्याला जास्त मोबदला, चांगले पुनर्वसन द्यायचे तर खुशाल कायदा करावा. वर चढायला जिना होता. सरकारने तळघराचे दार निवडले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही गत.

म्हणून या बैठकीत दोन ठराव करावेत. एक, केंद्राच्या कायद्यातले शेतकऱ्याचे संरक्षण कमी करणारे कोणतेही विधेयक राष्ट्रपतींकडे जाण्याआधी मराठीत छापून ग्रामसभांपुढे ठेवा. दोन, १९६१ चा कायदा वापरायचाच असेल, तर त्यातच संमतीची आणि तपासणीची अट घाला.

केंद्र मोठे की राज्य मोठे, हा वाद वकिलांनी खुशाल घालावा. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला आधी विचारले पाहिजे, एवढेच आपले म्हणणे.