अस्पर्श अरण्य नावाचे असत्य

मराठी प्रवासवर्णनाला अलीकडे आफ्रिकेची ओढ लागली आहे. दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, महाविद्यालयांची वार्षिके, काहीही चाळावे. एखादा सफारीलेख हमखास हाती लागतो. त्यातही दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची मोटार स्वतः चालवत केलेल्या भटकंतीचे लेख अधिक. या लेखांचा साचा इतका पक्का झाला आहे, की पहिला परिच्छेद वाचून शेवटचा सांगता यावा. पहाटे तळाचे फाटक उघडते, हत्ती रस्ता अडवतो, तिसऱ्या दिवशी ‘वनराज दर्शन देतात’, बिबट्या हुलकावणी देतो आणि शेवटी लेखक ‘माणसाचा स्पर्श न झालेल्या आदिम भूमीचा’ जड अंतःकरणाने निरोप घेतो. आमचे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

हे भांडण परक्याशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही दोघे काही वर्षांपूर्वी क्रुगरमध्ये सहा दिवस हिंडलो आणि परतल्यावर वार्षिकात नेमका असाच लेख लिहिला. ‘माणसाचा स्पर्श न झालेली भूमी’ हे शब्द त्यात होते. तो वाचून एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिचे गाव ताडोबाच्या जंगलातून उठवले गेले होते. तिने एवढेच विचारले, “सर, तिथं आधी कोण राहत होतं?” आम्हाला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट म्हणजे सहा दिवसांत हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. प्रस्तुत लेख त्या लाजेतून आला आहे.

क्रुगरच्या उत्तर टोकाला पाफुरी नावाचा भाग आहे. लुवुवू आणि लिंपोपो या नद्यांचा तिथे संगम होतो आणि दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे व मोझांबिक या तिन्ही देशांच्या सीमा एकमेकींना भिडतात. ‘क्रुक्स कॉर्नर’ या ठिकाणी पर्यटकाला गाडीतून उतरण्याची मुभा आहे. आम्हीही उतरलो, नदीतल्या मगरी पाहिल्या, छायाचित्रे घेतली. ज्या मातीवर आम्ही उभे होतो ती माकुलेके लोकांची होती. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना इथून बळाने हुसकावले. जाताना स्वतःची घरे स्वतःच्या हातांनी पेटवायला लावली. हजारो माणसे दक्षिणेकडे नेऊन टाकली आणि त्यांची जमीन उद्यानाला जोडली. वर्णभेद संपल्यावर त्यांनी या जमिनीवर दावा लावला आणि १९९८ मध्ये वीस हजार हेक्टरांहून अधिक भूमी त्यांना कायद्याने परत मिळाली. परत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नांगर धरला नाही. तिथे अरण्यच राखायचे आणि त्याचा कारभार उद्यानाबरोबर चालवायचा, असा करार त्यांनी केला. म्हणजे जिथे आम्ही ‘माणसाचा स्पर्श न झालेली भूमी’ असे लिहिले, तिथे जमिनीचा मालक जिवंत होता आणि आम्ही त्याच्या अंगणात उभे होतो.

पाफुरी हा अपवाद असेल, असे कोणी म्हणेल. मग स्कुकुझा घ्या. हा उद्यानातला सर्वांत मोठा तळ, मराठी सफारीलेखांतही ठायी ठायी येणारे नाव. या नावाचा अर्थ काय, हे विचारणारा लेख आमच्या वाचनात नाही. उद्यानाचे पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ मध्ये आले आणि १९४६ पर्यंत राहिले. आल्या आल्या त्यांनी साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधल्या प्रदेशातली माणसे हलवली. त्या माणसांनी त्यांना दिलेले नाव म्हणजे ‘स्कुकुझा’. त्याचा अर्थ झाडून साफ करणारा, असा सांगितला जातो. शब्दांच्या व्युत्पत्तीवर तासन् तास बोलणाऱ्या आम्हा भाषेच्या शिक्षकांनी त्या तळावर दोन रात्री काढल्या. झाडले कोणी आणि काय, हे विचारावेसे आम्हाला वाटले नाही. वर्णभेदाच्या काळात गोरेतर पर्यटकांसाठी बालुले हा लहानसा तळ राखून ठेवलेला होता. त्या काळी गेलो असतो तर आमची रवानगी तिथेच झाली असती. हेही आमच्या लेखात नव्हते.

बरे, माणसे बाजूला ठेवू आणि केवळ प्राण्यांबद्दल बोलू. तेही ‘अस्पर्श’ नाहीत. १९३० च्या दशकापासून क्रुगरमध्ये शेकडो बोअर आणि बंधारे करून पाणवठे उभे केले गेले. दुष्काळात जनावरे तगावीत हा हेतू होताच. पाण्याशी जमलेली जनावरे पर्यटकाला सहज दिसतात, ही सोयही झाली. उत्तरेकडच्या कोरड्या माळांवर पाणी आल्यावर झेब्रे आले, त्यांच्या मागोमाग सिंह आले आणि तिथे मुळातच विरळ असलेले रोन नावाचे मोठे कुरंग या दोहोंच्या कात्रीत सापडले. १९८६ मध्ये साडेचारशेच्या आसपास असलेले रोन १९९३ पर्यंत पन्नासच्याही खाली आले. नंतर उद्यानाने आपले धोरण बदलून अनेक पाणवठे बंद केले. हत्तींचे तेच. १९६७ ते १९९४ या काळात संख्या काबूत ठेवण्यासाठी चौदा हजारांहून अधिक हत्ती मारण्यात आले. रस्ता अडवणाऱ्या ज्या हत्तिणीला आपण ‘आदिम’ म्हणतो, तिने कदाचित लहानपणी हेलिकॉप्टरचा आवाज ऐकलेला असेल. क्रुगरमधला जवळपास प्रत्येक कोपरा कुणाच्या तरी निर्णयातून घडला आहे, आणि ते निर्णय कधी चुकले, कधी सुधारले गेले. ही कहाणी आदिमतेच्या भाबड्या स्तोत्रापेक्षा कितीतरी रोमहर्षक आहे. मराठी लेखकाने ती का सांगू नये?

आता स्वतः गाडी चालवण्याच्या अभिमानाविषयी. या लेखांतून एक सूर सतत उमटतो: वाटाड्या नको, जिप्सी नको, स्टिअरिंग आपल्या हातात, म्हणून जे पाहिले ते आपले. आम्हालाही तसेच वाटले. दक्षिण आफ्रिकेतही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सरावाचा प्रश्न नव्हता. परंतु त्या स्वातंत्र्याचा हिशेब मांडून पाहावा. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा, ठरावीक जागा सोडून खाली उतरायला बंदी, सूर्यास्ताच्या सुमारास फाटक बंद. हे नियम योग्यच आहेत. मात्र रस्ता दुसऱ्याने आखलेला, थांबे दुसऱ्याने ठरवलेले, आणि आज कुठे काय दिसले हेही तळावरच्या नकाशावरील रंगीत खुणांवरून कळते. पुढे चार गाड्या थांबलेल्या दिसल्या की आपण काच खाली करून विचारतो, “काय आहे?” ‘स्वतः पाहणे’ ते एवढेच.

ताडोबात गाडी आपली नसते, आणि सोबत गाइड घ्यावाच लागतो. तो बहुधा जंगलालगतच्या गावचा असतो. वाघ दिसला नाही तर कंटाळून तो काहीतरी बोलतो: या तळ्याकाठी आमच्या आजाचं शेत होतं, इथं जत्रा भरायची. आपण ऐकतो किंवा ऐकत नाही. पण आवाज कानावर पडतो. स्वतः चालवलेल्या गाडीत तेवढाही आवाज नाही. समोर काच, शेजारी आपलाच सहप्रवासी आणि दोघांच्या डोक्यात वाहिन्यांवर पाहिलेली आफ्रिका. सांगणाऱ्यापासून सुटका, हेच या स्वातंत्र्याचे खरे स्वरूप. म्हणून स्वतः गाडी चालवणाऱ्या लेखकावर अधिक वाचून जाण्याची जबाबदारी येते. आपले लेखक ती कमी झाली असे समजतात.

आणि भाषा? ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून जगभर गेला; त्याचे मूळ अरबी ‘सफर’. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. म्हणजे सफारी म्हणजे प्रवास, इतकेच. शिकाऱ्यांनी तिला शिकारीची मोहीम केले आणि पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक ठरणाऱ्या पाच जनावरांना ‘बिग फाइव्ह’ म्हटले: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. बंदूक गेली, यादी राहिली. आमचे लेखक ती यादी क्षेत्रांच्या यादीसारखी पुरी करतात, वर ‘दर्शन’, ‘कृपा’ असे शब्द शिंपडतात. शिकाऱ्याची यादी आणि वारकऱ्याची भाषा यांचे हे लग्न कोणी लावले?

दोन आक्षेप आम्हाला दिसतात. पहिला असा, की प्रवासवर्णन आनंदासाठी असते. त्यात विस्थापितांचा इतिहास कशाला? पण मराठी निसर्गलेखनाची परंपरा असे सांगत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या जंगलात माणसेही आहेत. २०२५ मध्ये निवर्तलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. तरीही जंगलात राहणाऱ्यांकडून शब्द आणि ज्ञान घेण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. त्यांच्या आनंदाला याने उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसे हलवली नसती तर ही जनावरे उरली असती का? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. राखीव क्षेत्र नसते तर बेसुमार शिकारीने तो प्रदेश ओस पडला असता, हे शक्य आहे. उद्यान मोडावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. माकुलेके लोकांनीही तसे म्हटले नाही. परंतु किंमत द्यावी लागली असेल, तर ती कोणी दिली हे लिहिले पाहिजे. क्रुगरच्या रस्त्यांलगत ‘जॉक ऑफ द बुशवेल्ड’ या १९०७ च्या पुस्तकातल्या कुत्र्याच्या स्मृतीचे दगड आहेत. थुलामेला आणि मासोरिनी इथे जुन्या वसाहतींच्या खुणाही जपल्या आहेत. उद्यानाने निदान पाटी लावली आहे. आमचे प्रवासी तिथे गाडी थांबवत नाहीत, कारण यादीत ते ठिकाण नसते. आम्हीही थांबलो नव्हतो.

शिक्षक म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रवासवर्णन शिकवताना ‘निसर्गाचे रमणीय चित्रण’ हे वैशिष्ट्य विद्यार्थ्यांकडून घोकून घेणे थांबवावे आणि प्रत्येक उताऱ्याला तो एक प्रश्न विचारायला शिकवावे: इथे आधी कोण राहत होते? आमच्या वार्षिकातला लेख आम्ही आता वर्गात सदोष लेखनाचा नमुना म्हणून वाचून दाखवतो. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला पुढे पत्राने कळवले. तिचे उत्तर दोन ओळींचे आले: “त्यांना जमीन परत मिळाली, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे कोणी असं लिहिलंय का?”

असो. तो लेख अजून लिहून व्हायचा आहे.