८० डॉलरचा घोडा आणि ट्रकमधले बाकीचे

स्नोमॅन नावाच्या घोड्याची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. फॉरवर्डमधून, नाहीतर एखाद्या मोटिव्हेशनल सेशनच्या शेवटच्या स्लाईडवर. गोष्ट संपते आणि खाली ठळक अक्षरात ओळ येते : खरं टॅलेंट कधीच लपून राहत नाही! लोक टाळ्या वाजवतात, समोसे खातात आणि जागेवर जातात.

घोड्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या ओळीबद्दल. कारण ती साफ खोटी आहे, आणि तसा पुरावा त्याच गोष्टीत पडलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी १९५६. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू हॉलंडला घोड्यांचा लिलाव होता. हॅरी डी लेयर हा मूळचा हॉलंडचा शेतकऱ्याचा मुलगा, १९५० साली बायकोला घेऊन अमेरिकेत आलेला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मुलींच्या एका शाळेत घोडेस्वारी शिकवायचा. शिकाऊ मुलींसाठी स्वस्तातले घोडे घ्यायला निघाला, तर वाटेत गाडीने दगा दिला. पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. न खपलेले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवलेले. त्यातला एक मळकट पांढरा, अंगावर नांगराच्या कामाचे वण असलेला घोडा त्याच्या डोळ्यात भरला. ८० डॉलरला सौदा झाला. पुढे १९५८ मध्ये हाच स्नोमॅन न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शो जंपिंगचा, म्हणजे उंच अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेचा, चँपियन झाला. १९५९ मध्ये पुन्हा!

आता जरा डीबग करू.

एक. टॅलेंट लपून राहत नाही म्हणता ना? अहो, दिवसभर लिलाव चालला. घोड्यांवरच पोट असलेली माणसं तिथे होती. कोणालाही काही दिसलं नाही. बाजाराने आपला निकाल देऊन टाकला होता : हा घोडा मांसाच्या भावाचा. आणि गंमत बघा, डी लेयर वेळेवर पोचला असता तर बहुधा दुसराच एखादा बरा घोडा घेऊन घरी गेला असता. म्हणजे या घोड्याचा जीव टॅलेंटने वाचवला नाही, बिघडलेल्या गाडीने वाचवला.

दोन. बरं, डी लेयरला तरी दिसलं का? छे! त्याला हवा होता तो गरीब स्वभावाचा, मुलींना पाडणार नाही असा घोडा. काही महिन्यांनी त्याने तो शेजारच्या एका डॉक्टरला दुप्पट भावात विकूनसुद्धा टाकला. घोडा तिथलं कुंपण ओलांडून परत आला. पुन्हा नेला, पुन्हा आला. तेव्हा कुठे साहेबांची ट्यूब पेटली की अरे, हा उड्या मारतोय!

तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. रीतसर ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा हा पठ्ठ्या जमिनीवर ठेवलेल्या साध्या बांबूंना अडखळायचा. कुंपणं ओलांडून येणारा घोडा पहिल्याच धड्यात नापास. अडथळे उंच केले तेव्हा तो खुलला. पहिल्या धड्यावरच कोणी मार्क देऊन मोकळा झाला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. आपल्याकडे सहा महिने कोणाला एक्सेल शीट भरायला बसवायचं, मग 'इनिशिएटिव्ह दिसत नाही' म्हणून अप्रेझलमध्ये खालचं रेटिंग द्यायचं, हे याहून काय वेगळं आहे?

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, अशा गोष्टींनी लोकांना उमेद मिळते, तुझं काय जातं? जातं ना. त्या ओळीची दुसरी बाजू कोणी स्लाईडवर लिहीत नाही, पण ऐकणाऱ्याला ती बरोबर ऐकू येते : तुझी दखल घेतली गेली नाही, म्हणजे तुझ्यात काही नव्हतंच. ले-ऑफमध्ये नाव आलेल्या माणसाला ही गोष्ट सांगणं म्हणजे ट्रकमधल्या घोड्यांना स्नोमॅनचा फोटो दाखवणं. त्या ट्रकमध्ये अजून किती उडी मारणारे होते? माहीत नाही. कधीच कळणार नाही. कारण त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी उरलंच नाही.

दुसरं कोणी म्हणेल की लिलावात प्रत्येक घोड्याला उडी मारायला लावणं शक्य आहे का? नाहीच. मान्य. मग प्रामाणिकपणे एवढंच म्हणा की आम्ही किंमत लावली, लायकी मोजली नाही. ८० डॉलर, १६० डॉलर आणि नंतर चालून आलेली एक लाख डॉलरची ऑफर, तिन्ही वेळा घोडा तोच होता.

ती लाखाची ऑफर डी लेयरने नाकारली. घरात मुलंबाळं, शाळेतल्या मास्तरकीचा पगार, तरी नाही म्हणाला. स्पर्धा संपल्यावरही स्नोमॅन त्याच्याकडेच राहिला, १९७४ साली मरेपर्यंत. १९९२ मध्ये शो जंपिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. डी लेयर २०२१ मध्ये, ९३ व्या वर्षी गेला. सेशनमध्ये शिकवायचंच असेल तर हे शिकवा : एका माणसाने एकदा केलेली पारख चुकल्यावर ती बदलली, आणि त्यानंतर भाव फुटला तरी सोबत सोडली नाही. हे जमायला टॅलेंट लागत नाही. मॅनेजर लोकांनाही जमू शकतं :)

तेव्हा हा फॉरवर्ड पुन्हा आला तर खुशाल पुढे पाठवा. फक्त शेवटची ओळ खोडा आणि तिथे लिहा : ट्रक भरलेला होता, उतरला एकच.