"सतराचा बोल्ट द्या" एवढ्यावर माल देऊ नका



हार्डवेअरचं दुकान टाकायचं म्हणणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: "सर, सुरुवातीला माल किती भरू?" माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकलाय. नट-बोल्टच्या धंद्यात आधी ग्राहक नक्की काय मागतोय ते कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर पाच लाखांचा माल भरूनही गिऱ्हाईक परत जाईल, आणि चुकीचा बोल्ट घेऊन गेलं तर पुन्हा येणारच नाही.

हेक्स बोल्ट, म्हणजे सहा कोनी डोक्याचा आपला नेहमीचा बोल्ट. दिसायला सगळ्यात साधा, आणि गोंधळही त्याचाच सगळ्यात जास्त.

एकाच काउंटरवर तीन भाषा

कारखान्यातला फिटर येतो आणि "एम १०" मागतो. जुना मिस्त्री "तीन सूत" म्हणतो. गॅरेजमधला पोरगा म्हणतो, "सतराचा द्या." नवा दुकानदार तिघांनाही एकाच डब्यातला बोल्ट काढून देतो. गडबड इथेच होते.

एम १० म्हणजे आट्यांच्या बाहेरून मोजलेली १० मिलिमीटर जाडी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, तो निदान हाताला कळतो. खरा फसवतो तो अडीच सूत. तो येतो ७.९४ मिलिमीटर, आणि एम ८ असतो ८ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एम ८ चे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि अडीच सुताच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१ मिलिमीटर अंतर. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. ग्राहकाला वाटतं कचरा असेल, म्हणून तो पान्याने जोर लावतो. आटे गेले, आणि नाव तुमच्या दुकानाचं.

आता "सतराचा". हा पान्याचा नंबर आहे, म्हणजे डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. जुन्या जर्मन मापात एम १० ला १७ चा आणि एम १२ ला १९ चा पाना लागतो. हल्लीच्या आयएसओ मापात, आणि आपल्या आयएस १३६४ मध्येही, तेच बोल्ट १६ आणि १८ च्या पान्याचे आहेत. बाजारात दोन्ही मिळतात. जपानी पद्धतीच्या गाड्यांमध्ये तर एम १२ चं डोकंच १७ चं असू शकतं. म्हणजे नुसतं "सतराचा" म्हटल्यावर माल एम १० चा द्यायचा की एम १२ चा? सांगता येत नाही. विचारावंच लागतं.

सुताची भाषा अडाणी आहे असं मात्र समजू नका. जुन्या यंत्रांवर इंचाचे बोल्ट आजही आहेत आणि मिस्त्रीचा हिशोब पक्का असतो. भाषांतर करणं हे आपलं काम आहे.

चार प्रश्न, तेवढ्यात काम होतं

पहिला: कुठे लावायचा? उत्तरावरून ग्रेड ठरते.

दुसरा: जुना बोल्ट किंवा नट आणलाय का? आणला असेल तर वर्निअर आणि पिच गेज लावा. एम १० चे नेहमीचे आटे १.५ मिलिमीटरचे, पण गाड्यांमध्ये १.२५ चे बारीक आटेही येतात. जाडी जुळली म्हणजे बोल्ट जुळला असं नाही.

तिसरा: किती जाडीचं काम आहे? हेक्स बोल्टची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. समजा १० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एम १२ ने जोडायच्या आहेत. पट्ट्या २०, वायसर २.५, नट साधारण ११, आणि नटाबाहेर दोन आटे म्हणजे ३.५. बेरीज ३७. मग ४० चा बोल्ट द्या. ३५ चा दिला तर नटाबाहेर दोन आटे उरणार नाहीत.

चौथा: फुल थ्रेड की हाफ थ्रेड? नुसतं आवळायचं असेल तर फुल थ्रेड चालतो. जिथे बोल्टवर आडवा मार बसतो किंवा त्याच्याभोवती काही फिरतं, तिथे गुळगुळीत भाग असलेला हाफ थ्रेड द्या. आट्यांच्या जागी बोल्ट बारीक असतो, तुटतो तोही तिथेच.

"सर, गर्दीत एवढं कोण विचारणार?" असं तुम्ही म्हणाल. उपाय स्वस्त आहे. एका फळीवर एम ६ ते एम १६ आणि दोन ते चार सूत असे नट-बोल्ट ठोकून काउंटरवर ठेवा, शेजारी नाव लिहा. ग्राहक आपला बोल्ट स्वतःच लावून बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ग्रेडच्या बाबतीत तडजोड नाही

डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पाठ करा. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, ८०० मेगापास्कल. दोन्ही आकडे गुणून पुन्हा १० ने गुणा: ६४०. एवढ्या ताणानंतर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. साध्या ४.६ च्या बोल्टमध्ये तो आकडा २४० आहे. एम १२ च्या भाषेत सांगायचं तर सरळ ओढीत ४.६ चा बोल्ट सुमारे २ टनांवर लांबायला लागतो, ८.८ चा सुमारे साडेपाच टनांवर.

दोन्ही एकाच रंगाचे, एकाच मापाचे. आयएस १३६७ प्रमाणे एम ५ आणि त्यापुढच्या हेक्स बोल्टच्या डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण हवी. खूण नसेल तर तो बोल्ट ८.८ म्हणून विकायचा नाही. ठोक बाजारात कुणी "हाय टेन्साइलच आहे, फक्त मार्किंग नाही" म्हणालं तरी नाही. तो बोल्ट उद्या ट्रॉलीच्या हुकला लागणार आहे आणि त्या ट्रॉलीत ऊस भरलेला असणार आहे. किलोमागे सुटणाऱ्या पैशांसाठी एवढी जोखीम अंगावर घेऊ नका.

एस.एस. महाग म्हणून जास्त मजबूत, हाही गैरसमज आहे. ए२-७० चा स्टेनलेस बोल्ट ७०० चा असतो, म्हणजे ८.८ पेक्षा कमी. त्याचे पैसे गंज न लागण्याचे आहेत. आणि ८.८ च्या बोल्टला नट ८ ग्रेडचा द्या, नाहीतर आधी नटाचे आटे जातील.

मग माल किती भरायचा?

हिशोब करू. एम ६, ८, १०, १२, १६ ही पाच मापं. प्रत्येकाच्या सहा लांब्या: ३० प्रकार. दोन ग्रेड: ६०. काळा आणि झिंक: १२०. फुल आणि हाफ थ्रेड: २४०. यात नट, वायसर, सुताचा माल अजून धरलेलाच नाही. नव्या दुकानदाराचं भांडवल असंच रॅकमध्ये जाऊन बसतं.

म्हणून माल भरण्याआधी आसपासची दहा वर्कशॉप, गॅरेज, वेल्डिंगची दुकानं फिरा. वही घेऊन जा. महिन्याला काय लागतं, कुठे लागतं, ते लिहा. भोसरीतल्या मशीनशॉपची आणि तालुक्याच्या गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजची यादी एक असणार नाही. दोन-तीन ठिकाणी जे सारखं आलं तेवढंच आधी भरा. बाकीचं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आणून द्या.

आणि बिलावर "बोल्ट १ किलो" लिहिणं पहिल्या दिवसापासून बंद. "एम १२ × ५०, ८.८, फुल थ्रेड, झिंक" असं पूर्ण नाव लिहा. वाद झाला तर बिल बोलतं. वाद नाही झाला तर पुढच्या वेळी ग्राहक तेच बिल दाखवून तोच माल मागतो, आणि तो मागायला तुमच्याकडेच येतो.

पुढच्या व्हिडिओत पिच गेज कसा लावायचा ते प्रत्यक्ष दाखवतो. तोपर्यंत दहा वर्कशॉपची यादी तयार ठेवा. भेटू.