दात, चणे आणि नवा जिल्हा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये दगडांची ही लढाई दरसाल जुंपते आणि शासनही डॉक्टर, रुग्णवाहिका व पोलीस यांची सिद्धता ठेवते. एका दिवसाच्या जखमांसाठी दिसणारी ही तत्परता वर्षभर ठणकणाऱ्या दाढेच्या वाट्याला का येऊ नये? ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या निमित्ताने हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळतात, अधिकारी मिळतात. पण जनतेच्या दातांसाठी किती माणसे लागतील, याचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे रीत नाही.

पांढुर्णा व सौंसर हा मराठी बोलणारा, संत्र्यांचा मुलूख. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा टापू मध्य प्रदेशात राहिला. नागपूरला १९६८ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय निघाले. सौंसरहून ते दोन तासांच्या वाटेवर आहे, पण परराज्यात. स्वतःच्या राज्याचे इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासूनचे, पण तीनशे किलोमीटरहून दूर. सीमेची ही गंमत आम्हां गोमंतकीयांना नवी नाही. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीची वाट धरतो, आणि २०१८ च्या आरंभी परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले तेव्हा केवढा गहजब झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. दुखणे सीमा ओळखत नाही. अंदाजपत्रक मात्र ओळखते.

देशात दंतवैद्यांचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणू नये. १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. आज अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये असून दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतात. तरीही शहरात एका गल्लीत चार पाट्या आणि खेड्यात एकही नाही, अशी स्थिती आहे. याचे कारण उघड आहे. आपण महाविद्यालयांच्या जागा मोजल्या, लोकांच्या तोंडातले दात मोजले नाहीत. गरज किती हे न पाहता केलेल्या उत्पादनाला नियोजन म्हणता येत नाही.

हिशेब अवघड नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. समजा, एखाद्या तहसिलीत शाळकरी मुले दहा हजार आहेत आणि त्यांतील निम्म्यांचा एकेकच दात भरावयाचा आहे. एका दाताला अर्धा तास धरला तरी अडीच हजार तास झाले. दिवसाला सहा तास आणि वर्षाला अडीचशे दिवस काम करणारा दंतवैद्य पंधराशे तास देतो. म्हणजे एवढ्या एकाच कामाला जवळजवळ दोन दंतवैद्य वर्षभर हवेत; म्हाताऱ्यांच्या कवळ्या आणि हिरड्यांचे विकार वेगळेच. शिवाय या भागात खर्रा आहे. २०१६-१७ च्या पाहणीत मध्य प्रदेशातील ३४.२ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते. गोव्यात हे प्रमाण ९.७ टक्के होते. गुटख्यावर २०१२ मध्ये प्रथम बंदी घालणारे राज्यही मध्य प्रदेशच. पण मुखाचा कर्करोग वेळीच ओळखायचा तर बंदीचा कागद पुरत नाही, तोंड उघडून पाहणारा माणूस लागतो.

तो माणूस दरवेळी पदवीधरच हवा असेही नाही. न्यूझीलंडने १९२१ पासून शाळांसाठी दंत परिचारिका तयार केल्या आणि खेड्यांतील मुलांचे दात त्यांच्या हाती सोपविले. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक यांना स्थान दिले गेले. ग्रामीण आरोग्यसेवेत मात्र त्यांना जागा मिळाली नाही. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने जुनी परिषद मोडीत काढण्याची वाट मोकळी केली. नव्या व्यवस्थेने प्रथम हे पाहावे.

पांढुर्णा जिल्हा लहान आहे आणि नवा आहे. म्हणूनच प्रयोगाला योग्य आहे. आधी शाळाशाळांतून मुलांची तपासणी करावी. मग प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य, खुर्ची, साहित्य आणि मदतनीस ही चारही एकत्र द्यावीत. खुर्ची आहे तर वैद्य नाही आणि वैद्य आहे तर दात भरण्याचे साहित्य नाही, अशा ठिकाणी वैद्याच्या हाती दात उपटण्यापलीकडे काही उरत नाही. स्थानिक मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन ठराविक वर्षे तेथेच सेवेला बांधावे. आणि दोन्ही राज्यांनी करार करून अवघड रुग्णांसाठी नागपूरचे दार अधिकृतपणे उघडावे.

यास पैसा लागेल, हे खरे. पण दात कोरून पोट भरत नाही, आणि आरोग्याच्या खर्चात अशी कोरीव काटकसर करून कोणतेही शासन श्रीमंत झालेले नाही. जे मूल दाढ दुखते म्हणून पाटी सोडून घरी बसते, त्याच्या बुडालेल्या शाळेची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. ती त्याला एकट्याला मोजावी लागते.