वैमानिकाची पात्रता

भाट्याच्या पुळणीपासून रत्नागिरीचा विमानतळ फारसा लांब नाही. वैमानिकाची खुर्ची मात्र इथल्या मुलाला फार लांब आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट १९९० नंतरच्या दशकात आली. त्यापूर्वी दहावी उत्तीर्ण पुरत असे. ही अट काढण्याचा विचार २०२५ मध्ये सुरू झाल्याचे वाचून कला शाखेतील आपल्या कित्येक मित्रांना हर्ष झाला. तो अकाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विषयांच्या अटीमागे पैशांची अट उभीच आहे. परवान्यासाठी निदान २०० तास उड्डाण करावे लागते आणि तासातासाचे पैसे विद्यार्थीच मोजतो. हा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. आंब्याची बाग गहाण टाकून मुलगा शिकला, तरी नोकरीची हमी कोण देणार? किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची २०१९ मध्ये, गो फर्स्टची २०२३ मध्ये. कंपनी बुडते, घेतलेल्या कर्जाचा हप्ता बुडत नाही.

रेल्वे इंजिनचालकाची आधी निवड करते आणि मग स्वखर्चाने त्याला शिकवते. हवाई दलाचीही रीत हीच. मग वैमानिकाच्या जिवावर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी शिक्षणाचा भार त्याच्या घरावर का टाकावा? निवड परीक्षेने करावी, खर्च कंपनीने सोसावा आणि नोकरी लागल्यावर तो पगारातून फेडून घ्यावा. तोवर भौतिकशास्त्राची अट राहिली काय नि गेली काय, भाट्याच्या मुलाला सारखेच!