हलक्या हाताची बाजू

भोपाळच्या अयोध्या नगरासारख्या मध्यमवर्गीय वसाहतीत काय, किंवा पुण्या-नाशिकच्या एखाद्या सोसायटीत काय, मालिशचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक विकणाऱ्याचा. त्याच्या मते तेल लावून अंग चोळले की शरीरातली विषे बाहेर पडतात, स्नायूंत साठलेली जुनी दुःखे सुटतात, आणि मनाच्या आघातावरही इलाज होतो. दुसरा सूर हसून सोडून देणाऱ्याचा. त्याला हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले वाटतात. दुखत असेल तर गोळी घ्यावी, मन बिघडले असेल तर डॉक्टर गाठावा, अंग चेपून घेऊन काय होणार? मला दोन्ही सूर चुकीचे वाटतात. दोघांनाही उत्तर द्यायचे तर भोपाळइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण विष, वेदना आणि धसका हे तिन्ही शब्द या शहराने अलंकार म्हणून कधी वापरले नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की हलक्या हाताच्या स्पर्शोपचारासाठी आज जितके दावे केले जातात त्यापेक्षा पुष्कळ कमी करावेत, आणि आज तो जितक्या लोकांपर्यंत पोचतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक लोकांपर्यंत तो न्यावा.

आधी विषाचा दावा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि झोपेतल्या वस्त्यांवर पसरले. त्यानंतरच्या महिन्यांत सोडियम थायोसल्फेट या औषधावरून मोठा वाद पेटला. रक्तात सायनाइडसारखे विष भिनले असेल तर हे इंजेक्शन ते थायोसायनेटच्या रूपाने लघवीवाटे बाहेर काढते, असे त्यामागचे गृहीतक होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रुग्णांवर चाचण्या घेतल्या, इंजेक्शनानंतर लघवीतले थायोसायनेट वाढते का ते मोजले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये या उपचाराची शिफारस केली. ती शिफारस प्रत्यक्षात कशी कुचंबली, जून १९८५ मध्ये हे इंजेक्शन देणाऱ्या जन स्वास्थ्य केंद्रावर पोलीस कसे धडकले, तो इतिहास वेगळा आहे आणि संताप आणणारा आहे. इथे मुद्दा असा की शरीरातून विष काढण्याची भाषा या शहरात काचेच्या नळीत मोजून बोलली गेली आहे. तेव्हा मालिशने विषद्रव्ये निघतात असे म्हणणाऱ्याला एकच प्रश्न पुरे: कोणते विष, कुठल्या वाटेने निघाले, आणि किती? त्याचे उत्तर आजवर कुणी दिलेले नाही. शरीर शुद्ध करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. पाठीवर तेल जिरवल्याने त्यांचा वेग वाढतो याला पुरावा नाही. ज्यांच्या फुप्फुसांची खरोखर चाळण झाली त्यांच्या शहरात हा शब्द तेलाच्या बाटलीवर छापणे मला क्रूर वाटते.

दुसरा दावा अधिक मोहक आहे, म्हणून तो अधिक काळजीने तपासायला हवा. आघात शरीरात साठतो, मांसपेशींच्या गाठींत दडून बसतो आणि नेमक्या जागी दाबले की मोकळा होतो, असे हल्ली सर्रास बोलले जाते. मराठी माणसाला हे पटकन पटते, कारण आपली भाषाच भीतीला अंगात जागा देते. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. वाक्प्रचारांत निरीक्षण असते आणि ते खरे असते: घाबरलेल्या माणसाचे हृदय धडधडते, श्वास वर वर चालतो, खांदे आक्रसतात, आणि ज्याची भीती वर्षानुवर्षे उतरत नाही त्याच्या मानेला, पाठीला, पोटाला दुखणी जडतात. पण आक्रसलेला स्नायू म्हणजे त्यात कोंडलेली आठवण नव्हे. आठवण मेंदूत राहते. शरीर तिला प्रतिसाद देत राहते. हा फरक शब्दच्छल वाटेल, पण व्यवहारात त्याने बरेच काही बदलते. गाठीत आठवण आहे असे मानणारा ती फोडायला निघतो, जोर लावतो, आणि रुग्ण रडला की उपचार यशस्वी झाला असे समजतो. शरीर अजून धोक्याच्या पवित्र्यात आहे असे मानणारा मात्र आधी धोका नाही याची खात्री देतो, आणि मग हात लावतो.

आता हसणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप असा की स्पर्शाने बरे वाटणे हा निव्वळ मनाचा खेळ आहे. शरीरशास्त्र तसे म्हणत नाही. केसाळ त्वचेत, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, पाठीवर, चेहऱ्यावर, अतिशय बारीक, मायलिनचे आवरण नसलेले मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटीमीटर या वेगाने हलका हात फिरला की ते सर्वांत जास्त उत्तेजित होतात. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग हाच. स्वीडनमधील होकान ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा एका स्त्रीवरील निरीक्षणे मांडली जिच्या स्पर्श नेणाऱ्या जाड नसा आजाराने निकामी झाल्या होत्या. हाताला कुठे काय लागले ते तिला नीट सांगता येत नसे, तरी मऊ ब्रश हळूच फिरवल्यावर काहीतरी अस्पष्ट, सुखद जाणवते असे ती सांगे, आणि त्या वेळी मेंदूचा भावनांशी संबंधित भाग जागा झालेला दिसला. म्हणजे मायेच्या स्पर्शाला शरीरात स्वतःची वेगळी वाट आहे. बाळाची टाळू भरणाऱ्या आणि पाठीवर तेल जिरवणाऱ्या बाईला हे तंतू ठाऊक नव्हते, पण तिच्या हाताला वेग ठाऊक होता. दाबाचेही तसेच. हलका हात म्हणजे पिसासारखा हात नव्हे. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस मालिश केले, आणि त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले; त्या बाळांनाही गुदगुल्या करणारा स्पर्श नको होता, भरीव आणि सावकाश हात हवा होता.

मग प्रश्न येतो पुराव्याच्या वजनाचा, आणि तिथे मंडन करणाऱ्याने खरे बोलले पाहिजे. कंबरदुखीवरील मालिशचा २०१५ चा कॉक्रेन आढावा २५ चाचण्या आणि ३,०९६ रुग्णांचा होता. थोड्या काळापुरता आराम पडतो असे त्यात दिसले, पण त्या निष्कर्षांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही असेही आढावा घेणाऱ्यांनी स्पष्ट लिहिले. मालिशने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, धडाधड उतरते हे विधान वर्षानुवर्षे छापले गेले. ख्रिस्तोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आकडे पुन्हा मांडले तेव्हा तो परिणाम जवळपास शून्याला टेकलेला निघाला. याच मोयर यांनी २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यात एका बैठकीने दुखणे तिथल्या तिथे कमी होते असे दिसले नाही. त्या वेळची चिंता मात्र कमी झाली. बैठका पुन्हा पुन्हा झाल्या तेव्हा चिंतातुर स्वभाव आणि खिन्नता यांत घडलेला फरक मानसोपचाराने पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. कॉर्टिसॉल पडले नाही, तरी माणसाला बरे वाटले. यंत्रणा चुकीची सांगितली गेली म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. समजून घेण्याचे काम तेवढे शिल्लक राहते.

माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनियल चर्किन यांच्या चाचणीत दिसतो. जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला स्नायू आणि सांधे हेरून केलेले तांत्रिक मालिश, दुसऱ्याला नुसते आराम देणारे हलके मालिश, आणि तिसऱ्याला नेहमीचे वैद्यकीय उपचार. आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे. मालिशचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे राहिले, काही लाभ सहा महिन्यांपर्यंत टिकला, पुढे तो बराचसा ओसरला. पण तांत्रिक मालिश आणि हलके मालिश यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. महागड्या तंत्रांची नावे लावून जे विकले जाते त्याला याने धक्का बसतो, आणि घरगुती, साध्या, सावध हाताला बळ मिळते. यावर कुणी म्हणेल, रुग्णाला कळतेच की आपल्याला मालिश होते आहे, मग हा अपेक्षेचाच परिणाम असणार. काही अंशी असेल. डोळ्यांवर पट्टी बांधून मालिशची चाचणी होऊ शकत नाही, जशी व्यायामाची किंवा समुपदेशनाचीही होऊ शकत नाही. त्या दोघांना आपण त्या कारणाने दवाखान्याबाहेर काढत नाही.

भोपाळमध्ये या सगळ्याला एक ठोस संदर्भ आहे. १९८५ च्या सुरुवातीला गॅसपीडित भागातील दहा सरकारी दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची मानसिक तपासणी झाली तेव्हा सुमारे २२.६ टक्क्यांना मानसिक विकार आढळला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि चिंता व खिन्नता ही मुख्य लक्षणे होती. हे लोक सामान्य दवाखान्यात आले होते, मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नव्हे. धाप, दुखणे, झोप नसणे घेऊन माणूस येतो, आणि मनाचा धसका त्याच वाटेने आत येतो. शरीर आणि मन वेगळ्या रांगेत उभे करण्याची चैन अशा दवाखान्याला परवडत नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्याने हे ओळखले होते. तिथे ॲलोपॅथीच्या औषधांबरोबर योग आणि अभ्यंग-स्वेदनासह (तेलमालिश व शेक) पंचकर्म गॅसपीडितांना मोफत दिले गेले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४ च्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून उभारलेल्या चिंगारी ट्रस्टमध्ये पुढच्या पिढीतल्या अपंग मुलांना फिजिओथेरपी मिळू लागली. ज्या उपचाराला सुखवस्तू वस्तीत चोचले म्हणतात तोच इथे वस्तीतल्या मजूर बाईच्या वाट्याला आला, आणि तोही वैद्यकाला बाजूला न सारता त्याच्या शेजारी बसून. मला ही मांडणी आदर्श वाटते.

एक आक्षेप मात्र मी सर्वांत गंभीर मानते. आघात झालेल्या माणसाला स्पर्श हाच धोका वाटू शकतो. ज्या स्त्रीच्या वाट्याला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आला आहे, तिला दार लावलेल्या खोलीत पालथे झोपवून अनोळखी हाताने पाठ चोळणे ही भीतीची पुनरावृत्ती होऊ शकते. हा आक्षेप खोडायचा नाही, पोटात घ्यायचा आहे. कोणते कपडे अंगावर राहतील, दार उघडे असेल की बंद, सोबत कोण बसेल, हात कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही, हे आधी विचारायचे. थांब म्हटले की त्या क्षणी थांबायचे, कारण न विचारता. संमती एकदाच, पहिल्या दिवशी अंगठा घेऊन मिळत नसते. धाप लागणाऱ्या गॅसपीडिताला पालथे झोपवायचे नाही, खुर्चीवर बसवून खांदे आणि हात तेवढे चोळायचे. जुन्या वैद्यकालाही मर्यादेची ही जाण होती: वाग्भटाने रोजच्या अभ्यंगाची शिफारस केली, डोके, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिला, आणि त्याच ठिकाणी कफाने ग्रासलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण असलेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला. सगळ्यांना सगळे चालते असे म्हणणारी परंपरा आपली नाही, ती जाहिरातीची आहे. शिवाय पायात रक्ताची गुठळी असण्याची शंका, ताप, ताजी जखम, कारण न कळलेली गाठ असे काही असेल तर आधी डॉक्टर, मग तेल.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे आणि तो भोपाळमध्येच उठतो. न्याय मिळाला नाही, जमीन आणि पाणी अजून शुद्ध झाले नाही, आणि तुम्ही लोकांची पाठ चोळत बसणार? दुखवलेल्याला गोंजारून गप्प करण्याचाच हा प्रकार नाही का? मी याला असे उत्तर देते की गप्प करण्याचा धोका मालिशच्या अतिशयोक्त दाव्यात आहे, मालिशमध्ये नाही. युनियन कार्बाइडबरोबरची १९८९ ची नुकसानभरपाईची तडजोड ४७ कोटी डॉलरवर झाली, आणि पाच लाखांहून अधिक दावेदारांपैकी बहुतेकांची इजा तात्पुरती ठरवून त्यांना सुरुवातीला पंचवीस-पंचवीस हजार रुपये दिले गेले. चाळीस वर्षे टिकलेल्या धापेला तात्पुरती म्हणणाऱ्या व्यवस्थेच्या हाती, दहा बैठकांत आघात मोकळा होतो, हे वाक्य देणे म्हणजे तिला आयते कारण देणे. त्याउलट, मालिशने झोप थोडी सुधारते, चिंता उतरते, कंबर काही महिने बरी राहते, आणि मूळ आजार तसाच राहतो, एवढेच म्हटले तर ते खरेही राहते आणि कुणाचा हक्कही बुडवत नाही. कमला नेहरू रुग्णालयासारख्या गॅस राहत रुग्णालयांत यासाठी एक खोली पुरेल. तिथे वस्त्यांतल्याच बायकांना शिकवून पगारावर नेमावे, कारण सुईण, नाभिक आणि मालिशवाली यांच्या कामाला आपण आजवर कौशल्य म्हणून मोजलेलेच नाही. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर पहिल्या आणि दहाव्या आठवड्यातली झोप, वेदना आणि धाप यांची नोंद व्हावी. आणि त्याच कागदावर, औषधांच्या यादीखाली, मूळ दुखापत अजून कायम आहे हेही दर वेळी लिहावे.