मार नको, सराव हवा

आई-वडील वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात, मुले शाळेत आणि सिडकोतील बंद घरात कुत्रा एकटा, हे दृश्य छत्रपती संभाजीनगरात काही नवे नाही. कुत्रा केकाटतो, दार ओरबाडतो. संध्याकाळी त्याला मार बसतो. आमच्या मते ही शिक्षा अन्यायाची आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

असे का? कुत्रा हा कळपाने राहणाऱ्या लांडग्यांच्या कुळातला. एकटे पडले की तो घाबरतो. तो खोडसाळपणा नव्हे. दुपारच्या कृत्याचा संध्याकाळच्या माराशी संबंध त्याला जोडता येत नाही. माणसे घरी आली की मार बसतो, एवढेच तो शिकतो.

ठरावीक आवाजानंतर अन्न मिळत गेले, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे पाव्हलॉव्ह यांनी दाखविले. किल्ल्यांच्या आवाजाने त्याला भीती वाटते, ती अशीच. म्हणून किल्ल्या वाजवा, पण जाऊ नका. मग एक मिनिट बाहेर जा, पुढे पाच मिनिटे. तो घाबरण्यापूर्वीच परत या. प्रौढ कुत्राही हळूहळू हे शिकतो. जाण्यापूर्वी त्याला फिरवून आणा. पाणी आणि सावली ठेवा.

साखळी हा उपाय नव्हे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरविण्यात हयगय करणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. एवढा वेळ देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी कुत्रा पाळूच नये.